सिगारेट सुटत का नाही? नेमकं कुठं अडतं ते लिहा

खाडीकिनारा (धागाकर्ता)

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही कंपनीच्या फाटकाबाहेर दुपारी चारला जाऊन बघा. टपरीला टेकून उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सिगारेट सोडून पाहिलेली असते. दोन-तीन दिवस निघतात आणि मग गाडी पुन्हा तिथंच. घरचे म्हणतात, मनावरच घेत नाही. मला हे पटत नाही. जो माणूस रात्रपाळ्या करतो, घराचे हप्ते वेळेवर भरतो, त्याला इच्छाशक्तीच नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून जाणकारांना विचारायचंय. शरीरात असं काय होतं की तिसऱ्या दिवशी माणूस मोडतो? निकोटिनचा गम, कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच, गोळ्या यांचा उपयोग होत असेल तर इतक्या लोकांना "काही फरक पडला नाही" असं का वाटतं? ठाणे-नवी मुंबईत मदत कुठं मिळते? "मनाचा निग्रह हवा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ते सगळ्यांनी ऐकलंय.

रेणूरंग

शरीराचा भाग मी लिहिते.

झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथं ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या निरोप्या रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरवर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) बसतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. एका सिगारेटमधून साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन अंगात जातं. एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर २० चं पाकीट संपवणाऱ्याच्या मेंदूला दिवसातून दोनशे वेळा हा झटका मिळतो. इतक्या वेळा, इतक्या लवकर परिणाम दाखवणारी दुसरी गोष्ट माणसाच्या दिवसात शोधून सापडत नाही.

आता दुसरी बाजू. सतत निकोटिन मिळत राहिलं की मेंदूतल्या त्या रिसेप्टरची संख्या वाढते. आणि रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री ११ ला शेवटची ओढली तर सकाळी ७ पर्यंत ते चार वेळा निम्मं झालेलं असतं, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. वाढलेले रिसेप्टर सगळे रिकामे. सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात "लागते" ती म्हणूनच. तिनं जी शांतता वाटते त्यातला मोठा भाग म्हणजे रात्रभरात चढलेला त्रास उतरणं. ताण सिगारेटनं जातो असं वाटतं, पण त्यातला बराचसा ताण आधीच्या सिगारेटनंच आणलेला असतो.

सोडल्यावर त्रास पहिल्या दिवशीच सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो: चिडचिड, बेचैनी, कशात लक्ष न लागणं, झोप तुटणं, खा-खा, बद्धकोष्ठ, काहींना तोंड येतं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरतं. रिसेप्टरची संख्या पूर्ववत व्हायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात. औषधांचे कोर्स तीन महिन्यांच्या आसपासचे असतात ते उगाच नाही.

कोपरीकर

म्हणजे तिसरा दिवस रविवारी येईल असं बघून सोडावी. साहेब बचावेल. घरच्यांनी आपापलं सांभाळावं :)

रेणूरंग

@कोपरीकर, गंमत सोडा, मुद्दा चांगला आहे. ज्याची सिगारेट ऑफिसशी बांधलेली आहे त्यानं शुक्रवारी सोडावी. जो घरी गॅलरीत जास्त ओढतो त्यानं सोमवारी. वाईट दोन दिवस सवयीच्या जागेपासून लांब जावेत, एवढाच हिशोब.

औषधपेटी

"गमनं फरक पडला नाही" याचं उत्तर औषधाच्या दुकानात काउंटरच्या मागे उभं राहिलं की रोज दिसतं. दोन चुका होतात: चघळायची पद्धत आणि मात्रा.

आधी पद्धत. निकोटिन गम साध्या च्युइंग गमसारखा चावायचा नाही. हळूहळू, थांबत थांबत चावायचा. थोड्या वेळात तिखट, मिरमिरणारी चव येते. ती आली की चावणं बंद. विडा गालात धरतो तसा गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. मिरमिर कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा आणि आता दुसऱ्या गालात ठेवायचा. एक गम असा अर्धा तास चालवायचा. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलात तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं, तिथून फारसं उपयोगी पडत नाही आणि वर उचकी, जळजळ, मळमळ. मग माणूस म्हणतो, "मला गम सोसत नाही."

शिवाय गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. आंबट पेयांनी तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे कटिंग झाला की लगेच गम तोंडात टाकतात. वाया.

आता मात्रा. २ मिलिग्रॅमच्या गममधलं साधारण निम्मंच अंगाला लागतं, म्हणजे १ मिलिग्रॅम. दिवसाला २० सिगारेटी ओढणाऱ्याला वीसेक मिलिग्रॅमची सवय. तो दिवसात तीन गम खातो, त्याला मिळालं ३. उरलेल्या १७ ची तलफ कुठं जाणार? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, तलफ येण्याची वाट न बघता. पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, नंतरचे तीन चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ चा गम अपुरा पडतो, ४ लागतो. २ मिलिग्रॅम दुकानात सहज मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. कवळी असेल तर गम तिला चिकटतो. त्यांनी चघळायची गोळी घ्यावी.

सडेतोड

माफ करा, पण हे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं झालं. निकोटिन ते निकोटिनच. आणि कंपन्यांचा धंदा वेगळाच.

औषधपेटी

@सडेतोड, शंका रास्त आहे. पण व्यसन लावण्याची ताकद वेगावर असते. सिगारेटमधलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत उसळी मारतं. गममधलं चढायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, पॅचमधलं काही तास. उसळी नाही, म्हणून तो झटका नाही. आणि सिगारेटनं कॅन्सर होतो तो जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे. त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली ६९ तरी कॅन्सरकारक म्हणून नोंदलेली आहेत. रक्ताची प्राणवायू वाहण्याची जागा अडवणारा कार्बन मोनॉक्साइडही धुरातलाच. गममध्ये धूर नाही. काही जण गमवर महिनोन्‌महिने राहतात हे खरं. तरीही त्यांनी धूर सोडला ही मोठीच गोष्ट झाली.

सडेतोड

वेगाचा मुद्दा मान्य. तरी औषधाशिवाय सोडणारे हजारो आहेत, त्यांचं काय?

सानपाडा_ताई

आहेतच, सडेतोडदादा, आणि ज्याला तसं जमतंय त्याला औषध घ्या म्हणून कोणी मागे लागणार नाही. पण कोणत्याही मदतीशिवाय एका वेळच्या प्रयत्नात वर्षभर टिकणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीन ते पाच एवढंच निघतं. औषध आणि समुपदेशन जोडलं की ते बरंच वाढतं. एकट्यानं लढताना जो हरतो त्याला घरात दोष देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. शंभरात पंच्याण्णव-सत्त्याण्णव जण हरतात त्या खेळात हरलेल्याला नालायक ठरवू नये.

समुपदेशनात आधी फागरस्ट्रॉम चाचणी घेतात, निकोटिनचं व्यसन किती घट्ट आहे ते मोजायला. सहा प्रश्न, दहा गुण. सगळ्यात वजनदार प्रश्न म्हणजे उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १. रोजच्या सिगारेटी १० पर्यंत ० गुण, २० पर्यंत १, ३० पर्यंत २, त्यापुढे ३. बाकीचे प्रश्न: मनाई असलेल्या जागी थांबणं जड जातं का, कोणती सिगारेट सोडायला सगळ्यात अवघड वाटते, सकाळच्या वेळात जास्त ओढता का, आजारी असतानाही ओढता का. बेरीज सहाच्या पुढे गेली की नुसत्या निग्रहावर टाकू नये, औषधाचा विचार करावा.

टीटीसी_तिसरी_पाळी

शरीराचं झालं, आता टपरीचं. टपरीच्या खांबाला सुतळीनं लायटर टांगलेला असतो. बरणीच्या झाकणावर उघडं पाकीट. हात पुढे केला की टपरीवाला न विचारता तुमचा ब्रँड हातावर ठेवतो. पैसे महिन्याच्या खात्यात. यात कुठंच "ओढू की नको" हा विचार करायला जागा नाही. चहाचा ग्लास, लायटरचा आवाज, तोच सहकारी, तीच चारची वेळ, या सगळ्याची मेंदूनं निकोटिनशी गाठ मारलेली असते. रक्तातलं निकोटिन तीन दिवसांत संपतं, पण ही गाठ महिनोन्‌महिने राहते. सहा महिन्यांनी लग्नात कुणी पाकीट पुढे केलं की हात जातो, तो यामुळे.

उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. टपरी बदला, निदान पहिला महिना. चहा कॅन्टीनमध्ये बसून घ्या. टपरीचं खातं मिटवून टाका आणि त्याला सांगा, "मागितली तरी देऊ नकोस." बहुतेक टपरीवाले ऐकतात, माणूस चांगला असतो. लायटर, ॲशट्रे, गाडीच्या डॅशबोर्डमधलं आणीबाणीचं पाकीट, सगळं घालवा. "एक जवळ असू दे, आधार वाटतो" म्हणणाऱ्याला तो आधारच पाडतो.

मेथीकूट

चहावरून आठवलं. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम (रसायनं मोडणारं प्रथिन, नाव सीवायपी१ए२) जोरात चालतं आणि कॅफीन लवकर निघून जातं. सिगारेट सोडली की ते काही दिवसांत मंदावतं. तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होतं. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. लोकांना वाटतं निकोटिन नाही म्हणून होतंय आणि ते पुन्हा पेटवतात. सोडल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. दुपारी चारनंतर नकोच.

हाच नियम काही औषधांना लागतो: दम्यावरचं थिओफिलीन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन. ही चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागू शकते.

खाडीकिनारा

मेथीकूटताई, हे मी पहिल्यांदाच वाचतोय. फार उपयोगी!

पाचपाखाडी

आणि धुरातल्या कोणत्या गोष्टीमुळे ते एन्झाइम वाढतं? निकोटिन? म्हणजे गम घेतला तर चहा चालेल का?

मेथीकूट

नाही. ते काम धुरातल्या पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनांचं (तंबाखू जळताना तयार होणारी रसायनं) आहे, निकोटिनचं नाही. गम-पॅच चालू असला तरी धूर बंद झाला की कॅफीन वाढणारच.

घोडबंदर_सकाळ

एकदम सोडावी की कमी करत? आमच्या सोसायटीत यावरून दोन तट आहेत.

सडेतोड

कमी करत करत. शरीराला सवय होते.

सानपाडा_ताई

इथे मी असहमत. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे लोकांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना पॅच, गम वगैरे आणि समुपदेशन सारखंच. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकले होते, दोन आठवडे कमी करत नेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. कमी करताना आणखी एक गोम आहे. वीसवरून पाचवर आलेला माणूस त्या पाच खोलवर आणि बुडापर्यंत ओढतो, निकोटिन जवळपास तेवढंच घेतो. "लाइट" सिगारेटचंही तेच, फिल्टरची बारीक भोकं बोटांनी झाकली जातात आणि झुरका मोठा होतो.

पण तारीख ठरवून, तोवर आठवडाभर कमी करून, त्या दिवशी शून्य, असं करणाऱ्याला मी अडवणार नाही. न ठरवलेली "हळूहळू" मात्र वर्षानुवर्षं चालते.

टीटीसी_तिसरी_पाळी

विड्या ओढणाऱ्यांबद्दलही लिहा कुणीतरी. लोडिंग करणारे, वॉचमन, गाळ्यातले कामगार, त्यांच्यापर्यंत गम-बिम पोचतच नाही.

रेणूरंग

विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, असा समज आहे. चूक आहे. टेंभुर्णीचं पान हवा आत येऊ देत नाही, विडी सारखी विझू बघते, म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड यात ती सिगारेटच्या मागे नाही. व्यसनाचा हिशोब तोच, औषधाची मात्राही तशीच ठरवतात.

आणि महाराष्ट्रात खरा प्रश्न चुन्याबरोबरच्या तंबाखूचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे निघाले. चुना क्षारधर्मी, त्यामुळे निकोटिन गालातून झपाट्यानं आत जातं. वर औषधपेटींनी आंबट पेयांचं सांगितलं, त्याच्या बरोबर उलट.

कोपरीकर

अवांतर: सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे ना? मग स्टेशनबाहेर एक-एक कशी मिळते?

टीटीसी_तिसरी_पाळी

बंदी आहे, २०२० च्या सप्टेंबरपासून. अंमल तुम्ही बघताच. कारण मात्र बरोबर होतं. सुट्ट्या विक्रीत पाकिटावरचं ८५ टक्के जागेवरचं इशाऱ्याचं चित्र दिसतच नाही आणि कॉलेजच्या पोरांना एक परवडते. सोडणाऱ्यालाही सुट्टी सिगारेटच घातक. पूर्ण पाकीट घ्यायला मन धजत नाही, एक घ्यायला धजतं.

पाचपाखाडी

व्हेप (ई-सिगारेट)? पोरं म्हणतात त्यानं सुटते.

औषधपेटी

२०१९ पासून देशात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा सगळं बेकायदा. स्टेशनजवळ लपून मिळतात त्यात किती निकोटिन आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सोडण्यासाठी तो रस्ता नको.

सानपाडा_ताई

गोळ्यांबद्दल राहिलंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच मिळतात आणि तशाच घ्या.

व्हॅरेनिक्लीन त्याच रिसेप्टरवर बसते, त्याला अर्धवट चालू ठेवते आणि निकोटिनला जागा देत नाही. त्यामुळे तलफ कमी होते आणि चुकून ओढलीच तर मजा येत नाही. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम रोज एक, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ०.५ दोनदा, आठव्यापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. सोडायची तारीख आठव्या दिवशी. मुख्य तक्रार मळमळ. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली की बहुतेकांना सोसते. स्वप्नं फार स्पष्ट पडतात, त्यांनी संध्याकाळची गोळी थोडी लवकर घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते. मनावरच्या परिणामाच्या भीतीनं अमेरिकेत तिच्यावर ठळक इशारा होता, मोठ्या चाचणीनंतर तो २०१६ मध्ये काढला.

दुसरी बुप्रोपिऑन. ही सोडायच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही.

घोडबंदर_सकाळ

वजन वाढतं म्हणून घाबरणारे बरेच आहेत.

मेथीकूट

वाढतं, पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. भूक वाढते आणि निकोटिननं थोडं जास्त जळत होतं तेही थांबतं. पहिल्या महिन्यात मात्र कडक डाएट एकाच वेळी सुरू करू नका, दोन लढाया होतात. तोंडाला काहीतरी हवं असतं, त्यासाठी काकडी, भाजलेले चणे, बडीशेप, लवंग. सुपारी नको, ती स्वतःच कॅन्सरकारक आहे. मधुमेह असेल तर साखर काही आठवडे वरचेवर तपासा.

सानपाडा_ताई

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक पाकिटावर छापलेला नंबर, १८००-११२-३५६, हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सोडल्यानंतर ते स्वतः पुन्हा फोन करून विचारतात. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली तंबाखूमुक्ती केंद्रांची तरतूद आहे. दंत महाविद्यालयांनाही अशी केंद्रं चालवायला सांगितलेलं आहे. नेरूळ, खारघरकडच्यांना ती जवळ पडतील. ओपीडीला "तंबाखू सोडायची आहे" एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर खोकल्याचं औषध देऊन पाठवतात. काही ठिकाणी फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं. सोडल्यावर एक-दोन दिवसांत आकडा खाली येतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की माणसाला फार बळ येतं.

एकट्या तलफेचं गणितही सांगते. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. ती घालवायला मोठं काही नको. जागा सोडा, थंड पाणी घोट-घोट प्या, कुणाला फोन लावा, जिना उतरून चढा. आणि एखादी ओढली गेलीच तर त्याच क्षणी पाकीट टाका, पॅच-गोळी बंद करू नका, आजचा दिवस फुकट गेला असं समजू नका. एका सिगारेटवरून पूर्ण पाकिटावर जाणं बहुतेक वेळा "आता मोडलंच" या विचारानं होतं.

खाडीकिनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. पॅच आपल्याकडच्या मे महिन्यात टिकतो का? ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलनं उभ्यानं गेलं की शर्ट पिळून निघतो.

औषधपेटी

टिकतो, लावायची पद्धत पाळली तर. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, पंख्याखाली पाच मिनिटं थांबा. पावडर, तेल, लोशन काही नको. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा छातीवर वरच्या भागात, केस नसलेल्या जागी, तळहातानं निदान १० सेकंद दाबून धरा. बॅगेचा पट्टा घासेल तिथं नको. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होते. कडा सुटली तर वर कागदी चिकटपट्टी लावा. पूर्ण निघाला तर नवा लावा आणि तो दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेलाच बदला. कापून अर्धा लावू नका.

दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. १० किंवा कमी असतील तर थेट १४ पासून. वाईट स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढा. पॅचवर वरून अधूनमधून २ चा गम चालतो, दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त कामाचे. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर.

वापरलेल्या पॅचमध्ये निकोटिन शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

पाचपाखाडी

वडिलांसाठी हा धागा छापून घेतोय. फागरस्ट्रॉमचे सहा प्रश्न ताईंनी गुणांसकट वेगळे लिहून दिले तर बरं होईल.

सानपाडा_ताई

देते, आज रात्री. तोवर वडिलांना एवढंच विचारा, उठल्यावर पहिली किती वेळात? आणि विचारताना आवाज चढवू नका.